नव्या कंपायलरचा एकच दोष

आमच्या सलीमभाईंची गंमत ऐका. शेंद्र्याच्या कारखान्यात आम्ही दोघं मशीनचे प्रोग्राम लिहायचो. प्रोग्राम मशीनच्या भाषेत करायला कंपायलरला लावला की वीस मिनिटं थांबावं लागायचं, तेवढ्यात आम्ही गेटवर चहा पिऊन यायचो. साहेब कधीच आले नाहीत, पण भाई रोज त्यांना हाक मारूनच निघायचे.

मग कंपायलरचं नवं व्हर्जन आलं. दोन मिनिटांत काम खतम! चहा बंद पडला.

साहेब म्हणाले, "सुधारणा आणि दोष लिहून द्या."

भाईंनी लिहिलं, "सुधारणा: लई फास्ट. दोष: चहाला टाइम उरत नाय."

मी म्हणलं, "भाई, नोकरी घालवता का?"

साहेबांनी कागद वाचला. मान वर न करताच म्हणाले, "दोष खरा आहे, सलीमभाई. चार दिवस झाले, मला कुणी चहाला हाक मारली नाय."