सरांची सेल्फ स्टडी बॅच

लातुरात क्लास न लावता पास होणं जवळपास गुन्हाच आहे, हे मला मेडिकल कोडिंगमुळं कळलं. पेशंटच्या फायलीतल्या आजाराला ठरलेला कोड द्यायचा, मग विमा कंपनी बिल मंजूर करते, असं ते काम. मी जुनी पुस्तकं आणून घरीच अभ्यास केला आणि सर्टिफिकेट मिळवलं.

आठवड्याभरात चौकात कोडिंगच्या एका क्लासच्या फ्लेक्सवर माझा फोटो लागला, खाली 'आमची यशस्वी विद्यार्थिनी'. मी तडक क्लासवाल्या सरांकडं गेले.

"सर, मी तुमच्याकडं कधी शिकले?"

"चौकशीला आली होतीस की."

"तेव्हा तुम्ही म्हणालात, क्लासशिवाय तुला जमणार न्हाई."

"मग? जिद्द कुठनं आली तुला?"

"सर, न दिलेल्या उपचाराचं बिल लावलं तर आमच्यात त्याला फसवणूक म्हणतात. फ्लेक्स काढा, न्हाईतर मी स्वतः शिकले असं लिहा."

"हाव, बरोबर हाय तुझं," सर म्हणाले. मला वाटलं, माणूस लाजला.

दुसऱ्या दिवशी नवा फ्लेक्स, फोटो माझाच. 'स्वतः शिका, आमच्याकडे. सेल्फ स्टडी बॅच, प्रवेश सुरू.' आमच्या कोडच्या पुस्तकात भूकंपात जखमी झालेल्यालाही कोड आहे. या माणसाला लागू होईल असा अजून सापडला नाही.

संध्याकाळी कंधारहून मामाचा फोन आला. "पोरीला तुझ्याच बॅचला टाकलंय. लातुरात खोलीबी बघितली."

"मामा, मी घरी बसून शिकले."

"हाव गं, पण घरी बसून कसं शिकायचं ते कुणीतरी शिकवाय नको का?"