दोन नावांचं एक पान

राजोडीच्या बसच्या रांगेत माझ्या पुढे दोघं उभी होती.

“विघ्नेश, पाहुण्यांच्या खोल्यांच्या वेबसाइटचं जुनं नाव मी बंद केलं. त्यात आमच्या अँथनीचं पान गेलं ना रे?”

“नाही, आग्नेस आंटी. दोन्ही नावांना साठवलेली प्रत एकच होती. हे बघा, नव्या नावानं उघडलं तरी अंकलचं तेच पान.”

“देवा, तुझे उपकार! दोन दिवस घास उतरला नाही. हां, हे त्यानंच लिहिलेलं.”

“कधी?”

“देवाघरी गेला, त्या सकाळी. ‘आज जेवणात बोंबील. उद्या सुट्टी.’”

“मी उतरवून ठेवतो, आणि पानावरून काढतो. पाहुण्यांना वाटेल, आपण बंद आहोत.”

“वाटू दे. जन्मभरात त्यानं एकच सुट्टी मागितली.”