कुरवंड्याच्या मावशींची साक्ष

घर बांधायला माणूस निवडताय ना, मग माझं ऐका. बेडशात लेकीसाठी दोन खोल्या बांधायच्या होत्या. नवरा गेल्यापासून ती भाड्याच्या खोलीत राहते, म्हणून मला चूक करायची नव्हती. ठेकेदार म्हणाला, "कुरवंड्यात मी बांधलेलं घर बघा. तितल्या मावशींना इचारा."

गेलो. मावशींनी ओट्यावरच बसवलं, चहा दिला.

"काम कसं केलंय, मावशी?"

"लय चांगलं. देवमाणूस हाये!"

"पावसात गळत न्हाई ना?"

"एक थेंब न्हाई, आबा."

माझा जीव भांड्यात पडला. म्हणालो, "मग उद्याच त्याला काम देतो."

मावशींनी माझे दोन्ही हात धरले आणि आनंदाच्या भरात बोलून गेल्या, "द्या आबा, नक्की द्या! तुमचं काम मिळालं तरच माझा स्लॅब दुरुस्त करणार म्हणालाय. दोन पावसाळे म्या गोठ्यात झोपून काढलेत."

काम दिलं तर माझ्या लेकीचं घर गळणार, न दिलं तर मावशींचं.