तिला काही लागत नाही

...दुधी सोलायचा आणि साल टाकून द्यायची, असं ज्याला सुचतं त्याला मालनबाई माणसात धरतच नव्हत्या, तुम्हाला सांगतो! साल म्हणजे चटणी, फ्लॉवरचे दांडे म्हणजे भाजी, मुळ्याचा पाला म्हणजे झुणका, आणि कलिंगडाचा तो पांढरा भाग म्हणजे... काय म्हणजे, ते त्यांच्या नवऱ्याला, सावळीरामांना, कधीच कळलं नाही, पण दर उन्हाळ्यात ते ताटात असायचं आणि त्यांना खावं लागायचं. गोदावरीच्या काठी बुधवारचा बाजार भरतो, सगळं नाशिक तिथे उजेडी जातं, मालनबाई जायच्या बाजार उठताना, कारण तेव्हा भाजीवाल्याला घरी जायची घाई झालेली असते आणि मरगळलेली मेथी परत नेण्यापेक्षा तो ती कुणाच्याही पिशवीत कोंबतो. आता यात वाईट काय? काहीच नाही. बहात्तरच्या दुष्काळात रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकऱ्या थापून या बाईनं घर जगवलं होतं, नवरा कचेरीत शिपाई, पगार आला कधी आणि गेला कधी ते पाकिटालाही कळत नसे, तेव्हा त्यांच्या हातांना नावं ठेवील तो करंटा. पण दुष्काळ संपला हो! पाऊस पडला, धरण भरलं, सावळीरामांना बढती मिळाली, कॉलनीत दोन-चार घरी गॅससुद्धा आला... मालनबाईंच्या स्वयंपाकघरात मात्र बहात्तर साल काही संपेना.

त्या सालात वाढली सिंधू. एकुलती एक लेक. लहानपणी तिनं एकदा आणखी अर्धी भाकरी मागितली, तर मालनबाईंनी तिला मारलं नाही, रागावल्या नाहीत, नुसतं तिच्याकडे बघितलं. बास. त्या दिवसापासून "वाढू का?" म्हटलं की पोर म्हणायची, "पुरे." टोपल्यात भाकरी असो नसो, पुरे. आणि मालनबाई नळावर हंडा लावता लावता बायकांना सांगायच्या, बाकीच्यांच्या पोरी बघा, वेफर काय मागतात, कुल्फी काय मागतात, आमच्या सिंधूला काही लागत नाही. कसं सांगायच्या? लोक पोरीचा पहिला नंबर आल्यावर सांगतात ना, तसं.

मग पोर लग्नाची झाली, आणि निफाडच्या चिमणाबाई बघायला आल्या. विधवा बाई, द्राक्षांची मोठी बाग, दारात ट्रॅक्टर, एकुलता एक मुलगा मल्हारी, दणकट आणि अबोल. सावळीरामांनी बिचकत बिचकत म्हणून बघितलं की आजच्या दिवस जरा तेल-तूप हात सोडून वाढू या. मालनबाई म्हणाल्या, तूप काय कुणाच्याही घरी असतं, दाखवायचं असतं ते पोरीचं कसब. आणि मांडलं की हो ताट! सालाची चटणी, दांड्यांची भाजी, शिळ्या भाताचे वडे. सावळीराम तोंड लपवायला पंचा शोधत होते.

चिमणाबाईंनी चटणी चाटली. पुन्हा चाटली.

"ही कशाची म्हनायची?"

"दुधीच्या सालांची."

"आन् ही भाजी?"

"फ्लॉवरच्या दांड्यांची. सगळं सिंधूनं केलंय."

दुसरी बागाईतदारीण असती तर ताटातच हात धुऊन उठली असती. या बाई पाटावरून पुढे सरकल्या. पोरीला काय खायला आवडतं म्हणून विचारलं, सिंधूनं तोंड उघडायच्या आत मालनबाईंनी सांगून टाकलं, "तिला काही लागत नाही." आणि तुम्हाला सांगतो, चिमणाबाईंचा चेहरा असा उजळला की जणू वावरात पाणी लागलं! हुंडा नको, मानपान नको, नारळ आणि मुलगी द्या, म्हणाल्या. त्या रात्री सावळीराम अंथरुणावर बसून राहिले. ज्यांचे द्राक्षांचे टेम्पो पिंपळगावला जातात, त्यांना सालांची चटणी करणारी पोर कशाला हवी, असं त्यांचं म्हणणं. मालनबाईंनी कूस बदलली. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी पहिला नंबर दिला होता, त्या कशाला ऐकतात?

लग्न झालं. सिंधू गेली.

दिवाळीला आली तेव्हा हातातल्या ज्या बांगड्या साबण लावून चढवल्या होत्या, त्या कोपरापर्यंत खाली-वर धावत होत्या. मालनबाईंनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. चकलीची भाजणी मळून ठेवली आणि शेजारी सोऱ्या आणायला गेल्या. परत येऊन बघतात तर पोर दाराआड बसून कच्चं पीठ खातेय. तळायचं नाही, भाजायचं नाही... कच्चं. आईला बघून तिनं तोंड पुसलं आणि म्हणाली, "पुरे." अजून कुणी विचारलंही नव्हतं हो!

मग हळूहळू बाहेर आलं. निफाडला चिमणाबाई आणि मल्हारी आधी जेवतात, बाजरीच्या भाकरीवर तुपाची धार, दुधाचं भांडं मधोमध. सिंधू मागून. मागून म्हणजे काय, तर टोपल्यात जे उरेल ते, आणि टोपल्यात उरेल कसं, चिमणाबाई भाकऱ्या मोजून थापायला लावतात. बागेतली द्राक्षं? चांगली टेम्पोत, डागी बेदाण्याला. आणि गल्लीतल्या कुणी बाईनं विचारलंच की सून वाळली का हो, तर चिमणाबाईंचं उत्तर तयार. तिला काही लागत नाही, तिच्या आईनंच सांगून दिलीय.

मालनबाई रात्रभर छताकडे बघत होत्या. भाऊबीज झाली तशी लेकीला घेऊन निफाडची एसटी धरली. खिडकीशी बसून मनात नुसती भाषणं! असं बोलीन, तसं बोलीन, बाईला ओसरीवरच गाठीन. गाठलंही. चिमणाबाई आणि मल्हारी जेवायला बसलेले. मालनबाईंनी सांगितलं, पोरीला पोटभर वाढत चला. चिमणाबाई हसल्या, अगदी मायेनं.

"आमी काय नाय म्हनतो का, ईनबाई? इचारतो की. ती पुरे म्हनती. अन् तुमच्या घरी एवढीशी भूक व्हती, ती आमच्या घरी येऊन वाढली व्हय?"

झालं. एवढी भाषणं पाठ केलेली, सगळी गेली निफाडच्या नाल्यात. कारण आता बोलायचं काय? दारात शेजारच्या बायका जमलेल्या. पोरीला भूक लागत नाही म्हणावं, तर पोर इथेच वाळून मरणार. लागते म्हणावं, तर इतकी वर्षं नळावर मिरवलेलं काय होतं ते सगळ्यांपुढे सांगावं लागणार. मालनबाईंनी लेकीकडे बघितलं. सिंधू खाली बघत होती. बांगडी घरंगळून मनगटाशी आली, तिनं ती मागे सारली.

"लागते तिला भूक," मालनबाई म्हणाल्या. "माझ्या घरीही लागायची. मीच वाढत नव्हते."

मल्हारीचा घास हातात थांबला, तुम्हाला वाटेल आता हा उठेल, बायकोच्या बाजूनं दोन शब्द बोलेल... त्यानं तो घास तोंडात घातला. चिमणाबाईंनी शांतपणे हात धुतले.

"म्हंजी आमाला फसवलंत," त्या म्हणाल्या. "खोटं सांगून पोरगी गळ्यात मारली."

मालनबाईंनी लेकीचं मनगट धरलं आणि तशाच बाहेर पडल्या. निफाडच्या स्टँडवर त्यांनी भजी घेतली. जन्मात पहिल्यांदा बाहेरचं विकत घेतलं बाईनं. सिंधूनं खाल्ली आणि म्हणाली, पुरे. मालनबाईंनी विचारलं नाही, पुडा उचलला आणि उरलेली सगळी तिच्या पदरात ओतली. एसटी आली तरी पोर खातच होती. मालनबाई तेलकट कागदाची घडी घालत बसल्या, पोरीकडे बघायचं धाडस होत नव्हतं म्हणून.

आता सिंधू इथेच असते. ताटात वाढलेलं सगळं खाते, मालनबाई न विचारता आणखी वाढतात. कॉलनीतल्या बायका म्हणतात, खादाड सून म्हणून परत पाठवली. म्हणू द्या. अडचण वेगळीच झाली. लग्न झालं तेव्हा पोरीचं नाव इथल्या रेशनकार्डावरून कमी करून निफाडच्या कार्डावर चढलं होतं. परत इकडे चढवायचं तर तिकडून कमी केल्याचा दाखला हवा. तो आणायला सावळीराम निफाडला गेले. चिमणाबाईंनी पाट दिला, बसवलं, चहा केला, आणि म्हणाल्या, नाव कशाला काढायचं पाव्हणं, तिच्या नावाची साखर मिळती की दर महिन्याला.

चहा मात्र चांगला गोड होता, असं सावळीराम सांगतात.