अकरा हजार पावलं

बायको : अकरा हजार पावलं टाकून गेला होतात कुठे, तेवढं सांगा म्हणजे झालं.

शिंपी : अगं, कुठे म्हणजे? दुकानात शिवत होतो.

बायको : दुकान म्हणजे आपल्याच घराची पुढची खोली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सात पावलं. रोज झाडते मी, मला विचारा.

शिंपी : माझ्याशी कशाला भांडतेस? फोनमध्ये आलंय. लेकीनं फोन दिल्याला आठ दिवस झाले, रोज संध्याकाळी मला 'शाबास' म्हणतो. आज तर पडद्यावर फुलं उधळली! तीस वर्षांत कुणी म्हणालं मला शाबास?

बायको : गिऱ्हाईक भांडायला परत आलं नाही, ती तुमची शाबासकी. विषय बदलू नका. कालच म्हणालात ना, हा फोन खोटं बोलत नाही?

शिंपी : नाहीच बोलत.

बायको : म्हणजे तुम्ही बोलताय. दुपारी माझा डोळा लागला की जाता त्या कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याकडे. डॉक्टरांनी साखर बंद केलीय, विसरलात?

शिंपी : तुझी शपथ, उंबरा ओलांडला नाही! हे बघ, चपला बघ माझ्या. धूळ बसलीय त्यांच्यावर आठ दिवसांची.

बायको : आठ दिवसांची?

शिंपी : ...म्हणजे, तशी फार नाही.

बायको : रोज फिरायला जा, नाहीतर गोळ्या जाऊन सुई येईल, असं बजावलंय त्यांनी. उद्या सकाळी तपासणी आहे. आणि तुम्ही घरात बसून विक्रम करताय!

शिंपी : मग ही पावलं टाकली कुणी?

बायको : तेच बघायचंय. ठेवा फोन खिशात आणि बसा मशीनवर. ती विजार पुरी करा.

(मशीनची खटखट सुरू होते, थांबते.)

बायको : काढा आता. किती?

शिंपी : अकरा हजार... दोनशे वर गेले की गं!

बायको : पॅडल मारताय तुम्ही. त्याला वाटतंय, साहेब फिरायला निघाले.

शिंपी : तरीच! मंगळवारी पडदे शिवले तेव्हा म्हणाला होता, आजवरची सर्वांत लांब चाल. सरळ शिवण होती ना.

बायको : आणि हे उद्या डॉक्टरांना दाखवणार होतात?

शिंपी : दाखवायला काय हरकत? पाय तर हलले.

बायको : पाय हलले. बाकीचा माणूस तीस वर्षं त्याच स्टुलावर आहे.

शिंपी : काय बोलतेस! हिशेब लाव, तीस वर्षांत पृथ्वीला फेरी झाली असेल माझी.

बायको : झाली असेल. मला नेलं नाहीत, एवढंच. उठा. चपला झटका.

शिंपी : आत्ता? उद्याच्या तपासणीला एका संध्याकाळच्या चालण्यानं काय फरक पडणार गं?

बायको : तपासणीला नाही पडणार. कोपऱ्यापर्यंत येता का, हे मी लग्न झाल्यापासून विचारतेय.

शिंपी : चल तर मग. कुलूप कुठाय? थांब, फोन घेतो.

बायको : राहू द्या त्याला. दिवसभर चाललाय बिचारा.