कुलपासमोरची मोटार

पंप का विकला, हे आज शेवटचं सांगतो, पुन्हा विचारू नका. तेव्हा लोणावळ्यात एकच पेट्रोलपंप होता, माझा. सरकारनं समोरच दुसऱ्याला परवाना दिला, म्हणून मी पुण्याच्या कोर्टात दावा लावला. वकील म्हणाले, "गावाला एक पंप पुरतो, हे साक्षीदारांनी सांगायला हवं."

साक्षीदार कुठून आणणार? पंपावर जवळच्या कुरवंडे गावचे दोन गडी होते, धोंडिबा आणि त्याचा भाऊ. सोमवारी सकाळी पंपाला कुलूप लावलं आणि दोघांना घेऊन पहिल्या गाडीनं पुणं गाठलं.

जज्जसाहेबांचा पत्ता नाही. सुट्टीला मुंबईला गेलेले. दुपारी आले ते घामाघूम, स्टेशनवरून टांग्यानं. बसल्याबरोबर धोंडिबाला पिंजऱ्यात बोलावलं.

वकिलांनी विचारलं, "एका पंपावर भागतं?"

"व्हय सायेब. कवाबी या, पेट्रोल मिळंल. आमी तितनं कदी हलत न्हाई."

मला वाटलं, जिंकलो.

साहेबांनी शांतपणे विचारलं, "मग पेट्रोल संपून माझी मोटार सकाळपासून तुमच्या कुलपासमोर का उभी आहे?"

धोंडिबानं माझ्याकडे बघितलं, मी वकिलांकडे. वकील खाली मान घालून कागद चाळत बसले. दावा तिथल्या तिथं फेटाळला; समोर दुसरा पंप येणार आणि मला माझा विकावा लागणार, हे तिथंच ठरलं.

संध्याकाळी परतलो, तर साहेबांचा ड्रायव्हर पंपाच्या पायरीवर भुकेला बसलेला. मला बघून उखडलाच, "एवढ्या गावात दुसरा पंप नाही का हो?"

"आजच मंजूर झाला," मी म्हटलं आणि कुलूप काढलं.