साबणबाईंच्या आईची नळी

...आणि वर मलाच ऐकवतात, "सिस्टर, तुम्ही फार ओरडता!" अहो, ओरडू नको तर काय करू, अंगाई म्हणू? तुम्हाला सांगते, अकरा वर्षं झाली, या हॉस्पिटलात माझं काम एकच. पेशंट इथे एक आजार घेऊन येतो, त्याने जाताना इथला दुसरा घेऊन जाऊ नये, एवढं बघायचं! म्हणजे काय करायचं? तर वही घेऊन वॉर्डात उभं राहायचं आणि कोण हात धुतं, कोण धुत नाही, कुणाच्या सलाईनची सुई किती दिवसांची झाली, कुणाची लघवीची नळी उगाचच राहिलीय, हे सगळं टिपायचं. टिपायचं आणि ओरडायचं. मागे मला साबणबाई म्हणतात. मला ते ठाऊक नाही असं त्यांना वाटतं! मी जिन्यात असते तेव्हाच वॉर्डात कुणीतरी मुद्दाम खोकतं, आणि मी दारात पोचेपर्यंत सगळे असे हात चोळत उभे, जणू बाहेर बर्फच पडतोय.

आमचे मोठे सर घ्या. हात सोन्याचे, ऑपरेशन करावं तर त्यांनीच. पण राउंडला निघाले की एका पेशंटची जखम दाबून बघायची आणि तोच हात घेऊन तरातरा पुढच्याकडे! मी म्हटलं, "सर, हात." तर थांबले, चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "सिस्टर, बावीस वर्षं ऑपरेशनं करतोय, माझ्या हातांना आजवर काही झालेलं नाही." म्हटलं, "सर, तुमच्या हातांना नाही होत, पेशंटच्या पोटाला होतं!" मागे शिकाऊ डॉक्टर हसले, सर लालबुंद झाले आणि मग आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आता मला सांगा, चूक कुणाची?

बरं, डॉक्टर परवडले, पण भेटायला येणारी माणसं? देवा! एका पेशंटला भेटायला तिची मावशी आली. बाई प्रेमळ, त्याबद्दल वाद नाही. पण भाचीच्या तोंडावरून हात फिरवला, मग शेजारच्या खाटेवर, "तुम्हाला काय झालंय हो?" म्हणत तिच्याही तोंडावरून, मग तिसरीच्या, चौथीच्या... सहा खाटा, सहा तोंडं, हात एकच! मी धावत गेले, "अहो मावशी, हात!" तर म्हणते कशी, "बाई, मी घरूनच आंघोळ करून आलेय." आता काय बोलणार? कपाळाला हात लावावा म्हटलं, तर तोही धुवायला लागणार.

आणि माझ्या घरात काय वेगळं आहे? माझा दादा, एवढा शिकलेला, घशात जरा खवखवलं की गेला औषधांच्या दुकानात. "ती मागच्या वेळची द्या हो, लाल-काळी." दोन दिवस घ्यायची, बरं वाटलं की उरलेल्या कपाटात. मी म्हणते, "दादा, अरे त्या जंतूंना तू अर्धी अर्धी शिकवणी देतोयस! मरत तर नाहीत, हुशार मात्र होतात. उद्या खरंच गरज पडेल तेव्हा एकही औषध चालायचं नाही." तर वहिनीकडे बघून म्हणतो, "आल्या, घरीपण ओरडायला आल्या." आता मला सांगा, चूक कुणाची? माझीच. कारण मी ओरडते.

माझ्या आईला तर माझं काम कधी पटलंच नाही. आयुष्यभर शिवणाचं मशीन चालवून तिने आम्हा दोघांना शिकवलं. तिला वाटलं होतं, पोरगी ऑपरेशन थिएटरात उभी राहील. शेजारणीने विचारलं की सांगताना तिची जीभ अडखळायची. मला म्हणायची, "एवढी वर्षं शिकलीस आणि लोकांना काय सांगतेस, तर हात धुवा? ते तर मी तुला तिसऱ्या वर्षी शिकवलं होतं. त्याला पगार देतात?" म्हटलं, "देतात गं आई, कारण त्यांना तुझ्यासारख्या आया नव्हत्या." त्यावर मात्र खूश व्हायची.

तर ही आमची आई, वय वर्षं चौऱ्याहत्तर, एका रविवारी घरात स्टुलावर चढली. का? तर पडद्याची शिवण उसवली होती! पडली, खुब्याचं हाड मोडलं. दादा म्हणाला दुसऱ्या हॉस्पिटलात नेऊ, ते जवळ आहे. मी म्हटलं, "मुळीच नाही. माझ्या हॉस्पिटलात न्यायचं. तिथे मी आहे." ...हो. हे मीच म्हटलं.

मंगळवारी ऑपरेशन झालं. मोठ्या सरांनीच केलं, आणि तुम्हाला सांगते, आत जाताना कोपरापर्यंत धुतलेले हात माझ्यासमोर वर धरून म्हणाले, "बघून घ्या सिस्टर, लिहून ठेवा." ऑपरेशन झकास. बुधवारी आई चहा पिऊन मलाच सांगत होती की या खोलीतले पडदे सरळ कापलेले नाहीत.

आता ऑपरेशनच्या वेळी लघवीची नळी घालतात. घालावीच लागते. पण नियम असा, की दुसऱ्या दिवशी नाहीतर फार तर तिसऱ्या दिवशी ती काढायची. कारण नळी म्हणजे जंतूंना सरळ आत जायचा रस्ता, आणि जितके दिवस नळी तितका रस्ता मोकळा. यासाठी रोज सकाळी एक कागद भरायचा, "नळीची आज गरज आहे का?" हो किंवा नाही. हा कागद कुणी सुरू केला? मी! वर्षभर भांडून सुरू केला. उगाच "हो" लिहिणाऱ्यांना मी वॉर्डाच्या मधोमध उभं करून झापलंय. एका पोरीला तर रडवलंय.

गुरुवारी सकाळी वॉर्डातली सिस्टर आली. गुणी मुलगी, माझ्याच हाताखाली शिकलेली. म्हणाली, "ताई, आजींची नळी काढते." मी "हो" म्हणणार, तेवढ्यात आईने माझा पदर धरला. हळूच म्हणाली, "अगं, नको ना. कूस बदलली तरी जीव जातो माझा. आणि दर वेळी त्या परक्या बाईने भांडं द्यायचं... मला लाज वाटते गं. राहू दे ती नळी. तू सांग ना त्यांना. तुझं ऐकतात इथे सगळे."

तुझं ऐकतात इथे सगळे! अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या आईला माझं काम मोठं वाटलं हो... मी विरघळले. दुसरं काय? सिस्टरला म्हटलं, "आजचा दिवस राहू दे." तिने माझ्याकडे बघितलं. मी कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलं, "हो. गरज आहे."

शुक्रवारी तिने परत विचारलं, जरा चाचरतच. म्हटलं, "आजचा दिवस राहू दे." शनिवारी तिने विचारलंच नाही. कोण विचारेल? साबणबाईंना नियम कोण सांगणार? रविवारी दादा-वहिनी आले, आई त्यांना ऐटीत सांगत होती, "इथे हिचा शब्द चालतो." आणि मी तिथेच उभी, फुगून. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! सोमवारी सकाळी आईला हुडहुडी भरली.

ताप एकशे तीन. नळी तेव्हा काढली, सहाव्या दिवशी. लघवी तपासायला पाठवली, नेहमीचं औषध सुरू केलं, उतार नाही. दुसरं दिलं, उतार नाही. गुरुवारी तपासणीचा कागद आला. त्यावर औषधांची लांबलचक यादी असते, आणि प्रत्येकासमोर लिहिलेलं असतं, चालेल की नाही. मी असे कागद हजारांनी वाचलेत. वरून बोट फिरवत आले... नाही, नाही, नाही, नाही. चौदा औषधं नाही! शेवटी एक "हो" होतं, जुनं, जहाल, आणि मूत्रपिंडांना झेपलं तरच. तेच सुरू केलं. जंतू आमच्याच वॉर्डातला, पंधरा दिवसांपूर्वी कोपऱ्यातल्या खाटेवरच्या पेशंटमध्ये सापडलेला. तिथून आईपर्यंत कुणाच्या हाताने आला, कुणास ठाऊक. सरांच्या? त्या मावशीसारख्या कुणाच्या? माझ्याच? हातांवर नाव लिहिलेलं नसतं. पण आत जायचा रस्ता कुणी उघडा ठेवला, ते मला माहीत होतं.

दादाने वॉर्डाच्या बाहेर विचारलं, "तू असताना असं कसं झालं गं?" बस, एवढंच. त्याला बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं, तो खरंच विचारत होता. आता मला सांगा, चूक कुणाची?

आईला वेगळ्या खोलीत ठेवलं, दारावर पिवळी पाटी. आत जाताना झगा, तोंडाला मास्क, हातमोजे. हा नियमही माझाच. आई म्हणायची, "सगळ्याजणी सारख्याच दिसता. ओरडलीस की कळतं, तू आलीस." तिची मूत्रपिंडं मागे पडायला लागली, पाय सुजले, बोलणं तुटक झालं. आणि एका दुपारी शुद्धीवर होती तेव्हा म्हणाली, "तो मोजा काढ गं. तुझा हात दे."

मी म्हटलं, "नाही काढता येत आई. नियम आहे."

"कुणासाठी?"

"बाहेर इतर पेशंट आहेत ना. त्यांच्यासाठी."

आई हसली, चिडून नाही, आपली नेहमीसारखी, आणि म्हणाली, "माझ्या वेळेला बरा आठवतो तुला नियम."

नाही काढला मी मोजा. मी तिचा हात धरला, पण मोज्यातून. तुम्हाला सांगते, मोज्यातून ऊब कळते, पण कातडी कळत नाही. आईच्या बोटाला सुई टोचून टोचून घट्टा पडला होता, लहानपणापासून माझ्या ओळखीचा, तो चाचपत बसले होते, सापडेना. नियम त्या दुपारी मोडायचा नव्हताच, तो त्या गुरुवारी पाळायचा होता. भांडं मी द्यायचं होतं! मी नर्स आहे हो, पोटची पोरगी आहे, अकरा वर्षं वही घेऊन फिरले, पण मला हे सुचलं नाही, की परकी बाई नको तर आई, मी देते... तेवढ्याने भागलं असतं. एवढं सोपं होतं.

आई गेली त्याच्या पुढच्या शुक्रवारी, सकाळी दहाला, राउंडच्या वेळी.

बारा दिवसांनी मी कामावर आले आणि पहिलंच काम काय, तर बैठक! असं कुणी दगावलं की चौकशीची बैठक होते, सगळे जमतात, आणि केस मांडायची असते मीच. दादा म्हणाला, दुसऱ्या कुणाला सांग. म्हटलं, दुसरं कोण आहे? उभी राहिले आणि वाचलं, "स्त्री, वय चौऱ्याहत्तर. नळीची गरज दोन दिवस. नळी राहिली सहा दिवस. कागदावर 'गरज आहे' असं लिहिणारी व्यक्ती..." आणि स्वतःचं पद वाचलं.

आणि कुणी काही बोलेना! अहो, किती जणांना झापलंय मी त्या खोलीत! वाट बघत होते, आता सर चष्म्यावरून बघतील, म्हणतील, "काय सिस्टर?" मनात म्हणत होते, ओरडा ना, एकदा तरी ओरडा माझ्यावर! तर सर उठले, माझ्यासाठी खुर्ची ओढली आणि म्हणाले, "बसा." ती वॉर्डातली सिस्टर रडायला लागली, "ताई, मी शनिवारीही विचारायला हवं होतं." म्हटलं, "गप गं. तू दोनदा विचारलंस." तिलाच समजवत बसले. आता मला सांगा, चूक... जाऊ दे. तुम्ही नका सांगू.

बैठक संपली की एक फॉर्म भरायचा असतो. झालं काय, कसं झालं, कुणामुळे झालं. सगळं भरलं, सुवाच्य अक्षरात. शेवटचा रकाना असतो, "पुन्हा असे घडू नये म्हणून उपाय." तिथे पेन अडलं. सर म्हणाले, "सिस्टर, तो राहू दे, मी भरतो." म्हटलं, "नको सर, रिकामा ठेवायचा नाही." आणि लिहिलं...

"उपायाची गरज नाही. मला आई एकच होती."